झाकणे म्हणजे राखणे नव्हे

प्रत्येक गावात अशी दोन-चार घरे असतात. कुणाचा मुलगा जन्मापासून आंधळा असतो. कुणाच्या मुलीचे पाय पोलिओने गेलेले असतात. कुणाचे पोर ऐकत-बोलत नाही. कुणाचे पोर बुद्धीने मंद असते. २०११ सालच्या खानेसुमारीत आपल्या देशात अशी २ कोटी ६८ लाख माणसे मोजली गेली. त्यांतली दर शंभरांपैकी ६९ माणसे खेड्यांत राहणारी होती. एकट्या महाराष्ट्रात ती २९ लाखांहून जास्त होती.

सरकारी कागदात त्यांना आता 'दिव्यांग' म्हणतात. बोलण्यात 'अपंग' हा शब्द चालतो. आम्ही इथे तोच वापरला आहे. गावात मात्र पुष्कळ वेळा 'लंगड्या', 'मुकी', 'येडी' अशाच हाका ऐकू येतात. आईबापांनी नाव ठेवलेले असते ते हाक मारण्यासाठीच. तेच नाव घ्यावे.

या माणसांच्या औषधपाण्याविषयी लोक बोलतात. त्यांच्या शाळेविषयी बोलतात. संजय गांधी योजनेच्या पगाराविषयीही बोलतात. एका गोष्टीविषयी मात्र कुणी बोलत नाही. ही मुले वयात येतात, तेव्हा त्यांना काय सांगायचे? कसे सांगायचे? त्यांनी लग्न करावे का? त्यांना मूल व्हावे का? आणि कुणी त्यांच्या अंगाला वाईट हेतूने हात लावला, तर काय करायचे?

विषय लाजेचा वाटेल. पण लाज बाळगल्याने घात होतो, असे हे काम आहे. म्हणून आम्ही ते सरळ शब्दांत सांगत आहोत. हा पाठ बायांनी वाचावा, तसाच बाप्यांनीही वाचावा.

वय कुणासाठी थांबत नाही

पाय अधू असला म्हणून छाती भरायची राहत नाही. डोळ्यांना दिसत नाही म्हणून मिसरूड फुटायचे राहत नाही. बुद्धी सहा वर्षांच्या पोरासारखी असली, तरी अंग सोळा वर्षांचे होतेच. बहुतेक अपंग मुलींना इतर मुलींच्याच वयात पाळी येते. मुलांचा आवाज फुटतो, अंगावर केस येतात.

अंगाबरोबर मनही बदलते. आपण कुणाला आवडावे असे वाटू लागते. आरशात बघावेसे वाटते. शेजारच्या घरात लग्नाचा मांडव पडला, तर 'माझे कधी?' असा प्रश्न मनात येतो. हे सगळे अपंग माणसालाही वाटते. त्यात वाईट काही नाही. भूक लागावी तसेच हे आहे.

लोकांच्या मनात इथे दोन खोट्या समजुती आहेत. एक समजूत अशी, की 'यांना तसले काही वाटतच नाही. ही तर देवाची लेकरे.' दुसरी समजूत याच्या अगदी उलट. 'यांना आवर घालता येत नाही. यांच्यापासून जपून राहावे.' दोन्ही चूक आहेत. अपंग माणूस देव नाही आणि जनावरही नाही. तो माणूस आहे. त्याला शिकवले तर तो शिकतो.

न सांगितल्याने काय होते?

'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे आपण म्हणतो. ही म्हण इथे कामाची नाही.

विचार करा. इतर मुले या गोष्टी कुठे शिकतात? कुणी पारावर ऐकते. कुणी पाणवठ्यावर ऐकते. कुणाला वहिनी सांगते, कुणाला मैत्रीण सांगते. आता तर हातात मोबाइल असतो. चांगले-वाईट, खरे-खोटे, काहीतरी कानावर पडतेच. पण बहिऱ्या मुलाला पारावरचे बोलणे ऐकू येत नाही. आंधळ्या मुलीला इतर बाया काय करतात ते दिसत नाही. ज्याचे पाय गेले, तो घराबाहेर पडत नाही. जो बुद्धीने मंद आहे, त्याला आडून बोललेले कळत नाही. म्हणजे ज्यांना सगळ्यांत जास्त सांगायला हवे, त्यांनाच सगळ्यांत कमी ठाऊक असते.

ही गोष्ट वाईट माणूस बरोबर ओळखतो. तो म्हणतो, 'ही काय सांगणार? आणि सांगितले तरी हिचे खरे कोण मानणार?' हा माणूस बहुधा परका नसतो. तो घरात येणारा-जाणारा असतो. म्हणून दार लावून घेतले की पोर सुरक्षित झाली, असे समजू नका. दाराच्या आतही माणसे असतात. पोरीला काय झाले ते कळले पाहिजे. ते सांगायला तिच्याजवळ शब्द पाहिजे. आणि ते ऐकायला घरात कान पाहिजे. राखण या तीन गोष्टींनी होते. नुसत्या झाकण्याने होत नाही.

कुणी म्हणेल, हे शहरातले किंवा परदेशातले खूळ आहे. तसे नाही. आपल्या महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचा दवाखाना काढला. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. शरीराच्या गोष्टी लोकांना उघड सांगाव्यात, यासाठी त्यांनी शिव्या खाल्ल्या, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. तेव्हा ही गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांची जुनी आहे. फक्त ती अपंगांच्या घरापर्यंत पोचायची राहिली आहे.

शिकवायला कुठून लागायचे?

पहिला धडा अंगाच्या नावांचा. नाक, कान, डोळे ही नावे आपण शिकवतो. पण छाती, लघवीची जागा, मागची जागा यांची नावे आली की आपण गप्प बसतो. मग पोराला तिथे दुखले तर ते काय सांगणार? म्हणून ही नावेही शिकवा. घरात जो साधा शब्द चालतो, तो चालेल. पुस्तकी शब्द 'लिंग' आणि 'योनी' असे आहेत. त्या शब्दांत शिवी नाही. बहिऱ्या मुलाला त्यांची खूण शिकवा. आंधळ्या मुलीला कापडाची बाहुली हातात देऊन सांगा. बाहुलीवरून तिला सगळे समजते.

दुसरा धडा जागेचा. काही गोष्टी सगळ्यांसमोर करायच्या असतात आणि काही एकट्याने. जेवण सगळ्यांसमोर चालते. कपडे बदलणे, अंघोळ, संडास या गोष्टी आडोशाला. पण हे शिकवायचे तर घरच्यांनीही पाळले पाहिजे. वीस वर्षांच्या मुलाला अंगणात उघडे करून अंघोळ घालायची आणि 'त्याला काय कळतंय?' म्हणायचे, हे चूक आहे. त्याला कळत नसेल, तर ते आपणच कळू दिले नाही. घरात न्हाणीघर नसेल, तर एक जुने लुगडे आडवे बांधा. तेवढ्यानेही तो शिकतो, की आपले अंग आपले आहे.

तिसरा धडा कोण किती जवळचा याचा. यासाठी एक सोपी रीत आहे. अंगणात रांगोळीने एकात एक अशी चार रिंगणे काढा. मधल्या रिंगणात मुलीला उभे करा. हे तिचे स्वतःचे रिंगण. दुसऱ्या रिंगणात आईबाप, भावंडे, आजी. यांच्या कुशीत शिरता येते. तिसऱ्या रिंगणात शेजारी, पाहुणे, शाळेतले गुरुजी. यांना नमस्कार करायचा, यांच्याशी बोलायचे. चौथ्या रिंगणात अनोळखी माणसे. त्यांच्यापासून दूर राहायचे, त्यांच्याबरोबर कुठे जायचे नाही. सहा वर्षांचे पोर सगळ्यांच्या गळ्यात पडते तेव्हा लोक हसतात. तेच पोर वीस वर्षांचे झाल्यावर बाजारात कुणाच्या गळ्यात पडले, तर लोक मारतात. दोष त्याचा नसतो. त्याला रिंगणे कुणी शिकवलेली नसतात.

पण एक गोष्ट नीट सांगा. झाकायच्या जागेला हात लावायची मुभा कुणालाही आपोआप मिळत नाही. तो काका असो, मामा असो, की सख्खा भाऊ असो. अंघोळ घालायला किंवा औषध लावायला हात लावावा लागला, तर विचारून लावायचा. आणि 'हे कुणाला सांगू नकोस' असे जो म्हणेल, त्याची गोष्ट आधी सांगायची.

'नको' म्हणायला शिकवा

हा धडा सगळ्यांत मोठा आहे. म्हणून त्याविषयी जरा सविस्तर सांगतो.

अपंग मुलाचे सगळे दुसरेच ठरवतात. काय खायचे, काय नेसायचे, कधी झोपायचे, कुठे बसायचे. त्याने 'नको' म्हटले, तर आपण म्हणतो, 'गप बस, शहाण्यासारखं ऐक.' अशी वर्षामागून वर्षे जातात. ऐकत राहणे म्हणजेच शहाणपण, असे त्याला वाटू लागते. मग एक दिवस वाईट माणूस येतो आणि म्हणतो, 'गप बस, शहाण्यासारखं ऐक.' पोर ऐकते. आपणच त्याला तसे शिकवलेले असते.

म्हणून 'नको' हा शब्द ताटावरच शिकवावा. 'भाजी वाढू का गं?' असे विचारा. ती 'नको' म्हणाली तर वाढू नका. दोन झगे समोर धरा. 'यातला कोणता घालतेस?' असे विचारा. ती बोट दाखवील तोच घाला. जिला अंघोळ घालावी लागते, तिला आधी सांगा, 'बाय, आता पाठ चोळते हं. चोळू ना?' ती मान हलवील, मग चोळा. पाहुण्यांनी पापा मागितला आणि पोराला तो द्यायचा नसेल, तर जबरदस्ती करू नका. पाहुणे रागावले तर रागावू द्या.

बोलता येत नसेल, तर हाताने नको म्हणता येते. मानेने म्हणता येते. ओरडून म्हणता येते. 'नको', 'थांब' आणि 'आईला सांगीन' या तीन गोष्टी ज्याला जमल्या, त्याच्या हातात काठी आली असे समजा.

आणि दुसरी बाजूही शिकवा. जसे आपले 'नको' दुसऱ्याने मानायचे, तसे दुसऱ्याचे 'नको' आपण मानायचे. अपंग मुलगा एखाद्या मुलीच्या मागे लागला, तर 'जाऊ दे, बिचारा आहे' असे म्हणू नका. त्याला बिचारा करू नका. त्याला समजावून सांगा, की ती नको म्हणाली म्हणजे नको.

पाळी आणि पोरपण

पाळी पहिल्यांदा येते तेव्हा कुठलीही मुलगी घाबरते. रक्त दिसले, म्हणजे आपल्याला काही लागले, असे तिला वाटते. बुद्धीने मंद मुलगी तर रडून घर डोक्यावर घेते. म्हणून पाळी यायच्या आधीच, नऊ-दहा वर्षांपासून, तयारी करावी.

समजा, आई मुलीला शिकवते आहे. आधी ती स्वतःची घडी किंवा पॅड दाखवते. 'बघ बाय, मला दर महिन्याला असं रक्त येतं. ताईला येतं. मावशीला येतं. तुला पण येईल. दुखापत नाही ही. मोठं झाल्याची खूण आहे.' मग पॅडवर थोडे लाल पाणी टाकून दाखवते. चड्डीला पॅड कसे लावायचे ते करून दाखवते. मग मुलीकडून करून घेते. एका दिवसात जमत नाही. दहादा, वीसदा करावे लागते. रोज तोच शब्द वापरायचा, त्याच क्रमाने करायचे. भिंतीवर चार चित्रे काढून लावली, तर आणखी सोपे जाते. अशा रीतीने शिकवल्यावर बुद्धीने मंद असलेल्या कितीतरी मुली आपले आपण करू लागतात.

आंधळ्या मुलीला ओल आणि वास यांवरून पाळी आल्याचे कळते. दिवस मोजायला दोरीला रोज एक गाठ मारायला शिकवा. कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलीला संडासात धरायला एक दांडा ठोकून द्या. घडी वापरत असाल, तर ती साबणाने धुऊन उन्हात वाळवा. कोपऱ्यात, अंधारात वाळवू नका. आणि 'कावळा शिवला' म्हणून तिला चार दिवस बाहेर एकटीला बसवू नका. आधीच ती एकटी असते.

मुलांनाही सांगावे लागते. हे काम बापाने, काकाने किंवा थोरल्या भावाने करावे. झोपेत वीर्य गेले तर तो आजार नाही. धातू गेला म्हणून कुणी अशक्त होत नाही. भोंदू वैद्याला पैसे देऊ नयेत. कधी मुलगा, कधी मुलगीही, आपल्या झाकायच्या जागेला हात लावते. पुष्कळ घरांत त्यावरून मार बसतो, चटके दिले जातात. असे करू नका. त्यात पाप नाही आणि रोगही नाही. फक्त जागा शिकवायची. 'असं चारचौघांत करायचं नाही. एकटा असशील, दार लावलेलं असेल, तेव्हा.' एवढे शांतपणे सांगितले की पुरे. पुन्हा चुकला, तर पुन्हा तेवढेच सांगा.

कुणी हात लावलाच, तर

काही खुणा ध्यानात ठेवा. पोर एकाएकी एखाद्या माणसाला भिऊ लागते. एखाद्या घरी जायला नको म्हणते. झोपेत दचकते, अंथरूण ओले करते. अंगावर ओरखडे दिसतात, चालताना दुखते. हातात कुणीतरी दिलेला खाऊ किंवा पैसे दिसतात. अशा वेळी जवळ घेऊन विचारा. रागावू नका.

पोराने सांगितले, तर आधी विश्वास ठेवा. 'तुझी चूक नाही' असे म्हणा. अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. तसेच दवाखान्यात न्या. ते कपडे कागदात गुंडाळून बरोबर घ्या. सरकारी असो की खाजगी, कुठल्याही इस्पितळाने अशा वेळी फुकट उपचार केले पाहिजेत, असा कायदा आहे. दिवस राहू नयेत म्हणून आणि एड्सची लागण होऊ नये म्हणून औषधे मिळतात. ती ७२ तासांच्या आत, म्हणजे तीन दिवसांच्या आत सुरू करावी लागतात. जितक्या लवकर, तितके चांगले.

पोलिसांत खबर द्या. १८ वर्षांखालील मुलाचे किंवा मुलीचे प्रकरण असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने खबर देणे सगळ्यांनाच बंधनकारक आहे. गावात बसून मिटवामिटवी करणे हाच तिथे गुन्हा होतो. अपंग बाईला जबाब देण्यासाठी ठाण्यात खेटे घालावे लागत नाहीत. पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोईच्या जागी यावे, खुणांची भाषा जाणणारा किंवा विशेष शिक्षक बरोबर आणावा आणि जबाबाचे चित्रीकरण करावे, असा नियम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अपंग स्त्रीवर बलात्कार करणाऱ्याला कमीत कमी १० वर्षांची सक्तमजुरी सांगितली आहे.

पिशवी काढणे हा उपाय नव्हे

काही आईबाप म्हणतात, 'हिला पाळीचं कळत नाही. उद्या काही झालं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्यापेक्षा पिशवी काढून टाकू.' त्यांची काळजी आम्हांला कळते. आपल्यामागे हिचे कोण बघणार, हा घोर त्यांना रात्रंदिवस असतो. पण हा उपाय खोटा आहे.

१९९४ साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूर येथील सरकारी संस्थेतल्या काही मतिमंद मुलींची गर्भपिशवी पुण्याच्या सरकारी इस्पितळात काढण्यात आली. मुलींना पाळीची स्वच्छता जमत नाही, असे कारण सांगितले गेले. स्त्रियांच्या संघटनांनी आवाज उठवला, वर्तमानपत्रांत ओरड झाली, तेव्हा पुढची ऑपरेशने थांबली. त्या मुलींना कुणी विचारले नव्हते.

पिशवी काढल्याने वाईट माणूस थांबतो का? उलट तो निर्धास्त होतो. आता दिवस जाणार नाहीत, म्हणजे कुणाला कळणारही नाही. पोरीचे दुःख तसेच राहते, फक्त त्याचा पुरावा नाहीसा होतो. शिवाय अंगावर एक मोठे ऑपरेशन विनाकारण होते.

२०१६ साली अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. तो २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. त्या कायद्याच्या १० व्या कलमात दोन गोष्टी आहेत. अपंगांना कुटुंबनियोजनाची माहिती मिळाली पाहिजे. आणि त्यांनी समजून-उमजून, आपखुशीने होकार दिल्याशिवाय मूल बंद होण्याचे कुठलेही ऑपरेशन करता येत नाही. पिशवीला खरोखर रोग असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा इतर बाईला जो उपचार, तोच हिलाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. चंदीगडच्या एका सरकारी आश्रयगृहात एका अनाथ, थोड्या मंद बुद्धीच्या तरुणीवर अत्याचार झाला. तिला दिवस गेले. हायकोर्टाने गर्भ पाडण्याचा हुकूम दिला. पण तिला मूल हवे होते. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. २००९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, की बुद्धी थोडी मंद असली तरी तिची मर्जी डावलता येत नाही. तिच्या होकाराशिवाय गर्भ पाडता येणार नाही. देशातल्या सगळ्यांत मोठ्या कोर्टाने जिला विचारले, तिला आपण घरात विचारू नये का?

लग्न करावे का?

ज्याला हवे त्याने करावे. ज्याला नको त्याच्यावर लादू नये. पाय नाहीत, डोळे नाहीत, कान नाहीत म्हणून संसार होत नाही, असे नाही. एकमेकांचे बळ जोडून संसार करणारी जोडपी आपल्या आसपास आहेत.

पण तीन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली. लग्न हे औषध नाही. 'लग्न करून द्या, म्हणजे वेड जाईल' असे पुष्कळ लोक सांगतात. वेड लग्नाने जात नाही. ते डॉक्टरच्या गोळ्यांनी आणि घरच्या आधाराने आटोक्यात येते. अशा भरवशावर लग्न केले, तर एका माणसाचे दुःख दोघांचे होते.

दुसरी. काही लपवू नये. फिट येत असेल, ऐकू कमी येत असेल, गोळ्या चालू असतील, तर बोलणी करतानाच सांगावे. गरिबाघरची मुलगी आणायची, तिला काही न सांगता अपंग मुलाच्या गळ्यात बांधायची आणि जन्मभर सेवा करून घ्यायची, हा तिच्यावर अन्याय आहे. त्या मुलावरही अन्याय आहे. कारण त्याला बायको हवी असते, चाकर नको असते.

तिसरी. दोघांना विचारावे. मुलगी १८ वर्षांची आणि मुलगा २१ वर्षांचा झालेला असावा. दोघांनी एकमेकांना भेटावे, बोलावे. लग्न म्हणजे काय, नवराबायकोचा संबंध म्हणजे काय, हे दोघांना आधी समजावून सांगावे. बहिऱ्या मुलाला हे खुणांनी आणि चित्रांनी सांगावे. बोहल्यावर चढेपर्यंत त्याला काहीच माहीत नाही, असे होऊ नये. लग्नाचा अर्थ ज्याला समजतच नाही आणि ज्याला होकार देताच येत नाही, त्याचे लग्न लावू नये. कायदाही तेच सांगतो.

कायदाही हळूहळू सुधारत आला आहे. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात फिट येणाऱ्याच्या लग्नाला आडकाठी होती. १९९९ साली ती काढून टाकली. कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागता येत असे. २०१९ साली तेही बंद झाले. अपंगांच्या लग्नाला राज्य सरकारची मदतही मिळते. तिची चौकशी जिल्हा परिषदेत करावी.

मूल अपंगच होईल का?

हा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर असे आहे. पोलिओने किंवा अपघाताने आलेले अपंगत्व मुलात उतरत नाही. पोलिओ हा जंतूंचा रोग होता. आपल्या देशात त्याचा शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारीत सापडला. जन्मजात बहिरेपणाचे आणि डोळ्यांचे काही दोष मात्र रक्तातून येऊ शकतात. जवळच्या नात्यात लग्न केले, तर तो धोका वाढतो. म्हणून घरात असे दोष असतील, तर मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याआधी डॉक्टरला विचारावे.

पाय अधू असलेल्या बाईला दिवस राहू शकतात. कमरेखाली जीव नसलेल्या बाईलाही राहू शकतात. तिने सुरुवातीपासून तपासणी करावी आणि बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करावे. फिट येणाऱ्या बाईने मूल हवे असे ठरवताच डॉक्टरला सांगावे. काही गोळ्या बदलाव्या लागतात. पण आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. मूल नको असेल, तर निरोध, गोळ्या, तांबी ही साधने अपंग जोडप्यांसाठीही आहेत. कोणते साधन बरे, ते दवाखान्यात विचारावे.

कुठे विचारावे?

गावातल्या आशाताईंना किंवा नर्सबाईंना विचारा. सरकारी इस्पितळात वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी 'मैत्री' नावाचा विभाग असतो, तिथे जा. मुलांवर काही संकट आले, तर १०९८ या नंबरवर फोन करा. बायांसाठी १८१ आहे. पोलिसांची तातडीची मदत ११२ वर मिळते. मनाच्या आजाराविषयी १४४१६ वर विचारता येते. हे नंबर घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. अपंग मुलालाही ते दाखवून ठेवा.

ध्यानात ठेवा

१. अपंग मुलेही वयात येतात. त्यांना वेळेआधी सांगावे.
२. अंगाच्या प्रत्येक भागाला नाव असावे किंवा खूण असावी.
३. घरात 'नको' म्हणू दिले, तर बाहेर 'नको' म्हणता येते.
४. पोराने काही सांगितले, तर आधी विश्वास ठेवावा. तीन दिवसांच्या आत दवाखाना गाठावा.
५. त्याच्या होकाराशिवाय त्याच्या अंगावर ऑपरेशन नाही.
६. लग्न हे औषध नाही. लपवाछपवी करू नये, दोघांना विचारावे.

वाचून झाल्यावर बोला

१. आपल्या गावात अपंग माणसांना कोणत्या नावांनी हाक मारतात? ती नावे कशी बदलता येतील?
२. आपल्या घरातल्या अपंग माणसाला आज दिवसभरात आपण कोणकोणत्या गोष्टी विचारल्या? कोणत्या न विचारता केल्या?
३. शेजारच्या घरी बुद्धीने मंद असलेली दहा वर्षांची मुलगी आहे. तिच्या आईला तुम्ही काय सांगाल?